लोखंडी डबा निघेल, पण चिमणीचं काय?

दिवाळीच्या आसपास पुण्यातल्या बऱ्याच घरांत हा विषय निघतो. मुलाने किंवा मुलीने अमेरिकेत जुनं घर घेतलेलं असतं, हॉलमध्ये विटांची फायरप्लेस असते आणि तिच्या तोंडात एक काळाकुट्ट लोखंडी डबा बसवलेला असतो. दाराची काच काजळीने आंधळी झालेली, कडेचा पत्रा गंजलेला. हा डबा म्हणजे इन्सर्ट, फायरप्लेसच्या कोनाड्यात बसवलेली बंद दाराची शेगडी. तो काढून टाकला की मोकळी आग पेटवून समोर कॉफी घेत बसता येईल, असं नव्या मालकांना वाटतं. माझी नोकरी भोसरीकडच्या फाउंड्रीतल्या भट्ट्यांचं विटकाम बघण्यात गेली, त्यामुळे नात्यातले असले प्रश्न आपोआप माझ्याकडे येतात. यंदा मॅसॅच्युसेट्समधल्या भाचीचा आला. "मामा, काढता येईल ना?"

काढता येतो. ते बरंचसं हमालीचं काम आहे, आणि थोडं पाना-पेचकसाचं. त्याच संध्याकाळी तिथे लाकडं पेटवता येतील का, हा प्रश्न वेगळा, आणि त्याचं उत्तर जवळजवळ नेहमीच 'नाही' असं असतं. ते का, हे समजायला आधी चिमणीचं काम समजून घ्यावं लागेल.

विटांची फायरप्लेस म्हणजे तीन बाजूंनी बंद असलेला खोल कोनाडा. वर जाताना तो अरुंद होतो. त्या गळ्यापाशी लोखंडी झडप असते, तिला डँपर म्हणतात. गळ्याच्या वर निमुळती होत जाणारी धुराची पोकळी आणि तिच्यावर थेट छपराबाहेर जाणारी चिमणी. चांगल्या बांधकामात चिमणीच्या आत भाजलेल्या मातीच्या चौकोनी नळ्या एकीवर एक रचलेल्या असतात. धुराची खरी वाट ती, तिला फ्लू म्हणतात. बाहेर दिसतं ते विटकाम म्हणजे नुसतं कवच.

चिमणी धूर ओढते असं आपण म्हणतो, पण आत ओढणारं काही नसतं. आतली हवा गरम, म्हणून हलकी. बाहेरची गार आणि जड. ती जड हवा खालून रेटा देते आणि हलकी वर सरकते. चिमणी जितकी उंच आणि आतून जितकी गरम, तितका रेटा जास्त. भट्टीची चिमणी, बेकरीचं धुराडं, सगळीकडे हाच हिशोब. ही एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवा, पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे.

उघड्या फायरप्लेसची अडचण अशी, की रेटा फक्त धुरालाच बसत नाही. खोलीतली ऊबदार हवाही त्याच वाटेने बाहेर जाते आणि तिच्या जागी दाराखिडक्यांच्या फटींतून बाहेरची गार हवा आत येते. लाकडातली फार तर दहा टक्के उष्णता खोलीला मिळते. समोर बसलेल्याचे गुडघे भाजतात आणि मागच्या खोलीतला माणूस कुडकुडतो. त्यात निखारे धगधगत असेपर्यंत डँपर बंद करता येत नाही, कारण मग कार्बन मोनॉक्साइड घरात साचेल. म्हणजे रात्रभर घराला भोक पडलेलं. यावर अडीचशेहून जास्त वर्षं लोक डोकं चालवत आहेत. बेंजामिन फ्रँकलिनने १७४०च्या दशकात लोखंडी शेगडी काढली, तर काउंट रमफर्ड या शास्त्रज्ञाने १७९६मध्ये कोनाडा उथळ आणि गळा अरुंद करा, असं मांडलं. तरी घरोघरी लोखंडी डबे बसले ते १९७३च्या तेलटंचाईनंतर. न्यू इंग्लंडमधली, म्हणजे मॅसॅच्युसेट्स ज्यात येतं त्या अमेरिकेच्या ईशान्य भागातली घरं तेलावर तापवली जात, तेल महागलं, आणि लोक पुन्हा लाकडाकडे वळले.

ज्यांच्या घरी तांब्याचा बंब होता त्यांना इन्सर्ट वेगळा समजावून सांगायला नको. बंबाचं खालचं दार लोटलं की आग मंदावते, उघडलं की भडकते, आणि मधल्या नळीतून धूर वर जाता जाता भोवतीचं पाणी तापवतो. इन्सर्टमध्ये पाण्याच्या जागी हवा आली, एवढाच फरक. डब्याला दुहेरी कवच असतं, मधल्या फटीतून पंखा हवा फिरवतो आणि ती गरम होऊन खोलीत येते. दार बंद, हवा मोजकी, लाकूड तासन्‌तास पुरतं. कल्पना उत्तमच होती, घोळ झाला तो बसवण्यात.

जुने इन्सर्ट तीन तऱ्हांनी बसवलेले सापडतात. पहिली तऱ्हा सगळ्यांत स्वस्त: डबा कोनाड्यात सरकवायचा, भोवतीची फट पत्र्याच्या चौकटीने झाकायची, आणि काम झालं. डब्याच्या डोक्यावरच्या भोकातून निघणारा धूर आपापला वाट शोधत फ्लूपर्यंत जाईल, हे गृहीत. तिथले चिमणी साफ करणारे याला 'स्लॅमर' म्हणतात, आणि फारसं प्रेमाने म्हणत नाहीत. दुसऱ्या तऱ्हेत डब्यापासून मातीच्या पहिल्या नळीपर्यंत पाइपचा एक छोटा तुकडा जोडलेला असतो. तिसऱ्यात डब्यापासून थेट चिमणीच्या टोकापर्यंत स्टेनलेस स्टीलची नळी, म्हणजे लायनर, घातलेला असतो. योग्य ती तिसरी.

आपल्याकडे यातलं कुठलं आहे, हे डबा न हलवताही बरंचसं कळतं. अंगणात उभं राहून मोबाइलच्या कॅमेऱ्याने चिमणीचं टोक झूम करून बघा. वर पत्र्याची झाकणपट्टी, तिच्यातून डोकावणारा गोल स्टीलचा पाइप आणि त्यावर टोपी दिसली, तर लायनर आहे. नुसती चौकोनी मातीची नळी दिसली, तर पहिली किंवा दुसरी तऱ्हा. कोनाड्याच्या भिंतीही वाजवून बघा. सगळीकडून पत्र्याचा आवाज आला, तर ती मुळात विटांची फायरप्लेसच नाही, कारखान्यात बनलेली पत्र्याची पेटी आहे. तिचे नियम वेगळे आहेत आणि हा लेख तिच्यासाठी नाही.

स्लॅमर वाईट का, याचं उत्तर क्रिओसोटमध्ये, म्हणजे धुरातून चिमणीत साचणाऱ्या डांबरी थरात आहे. लाकूड कोंडून, मंद जाळलं की त्यातले डांबरी वायू पुरते जळत नाहीत, धुराबरोबर वर जातात. वरची वाट गरम असेल तर ते बाहेर निघून जातात. पण इन्सर्टच्या भोकातून येणारा बेताचा धूर एकदम मोठ्या, थंडगार चिमणीत शिरला की त्याचा वेग मरतो. तापमान साधारण १२० अंश सेल्सिअसच्या खाली गेलं की ते वायू भिंतीवर थिजायला लागतात. आधी भुरभुरीत काजळी धरते, ती ब्रशने निघते. मग दाणेदार पापुद्रे. आणि वर्षानुवर्षं तसंच चाललं की शेवटी काळा, चकचकीत, कठीण लेप बसतो. तो ब्रशला दाद देत नाही, त्याला खास रसायनं किंवा यंत्र लागतं. हा लेप म्हणजे इंधनच. पेटला तर चिमणीच्या आत हजार अंशांच्या पलीकडे तापमान जाऊ शकतं. मातीच्या नळ्या तडकतात, आणि पुढच्या वेळी त्या तड्यांतून आच घराच्या लाकडी सांगाड्यापर्यंत पोचते. अमेरिकेतली घरं बहुतेक लाकडी, हे विसरू नका. आपल्या दगडी भिंतीच्या हिशोबाने विचार केला तर धोका कळणारच नाही.

स्लॅमरमध्ये आणखी एक गैरसोय. चिमणी साफ करताना वरून पडणारा सगळा माल डब्याच्या डोक्यावर आणि पाठीमागे साचतो. तो काढायचा तर दरवेळी अख्खा डबा बाहेर ओढायला हवा. कोण ओढतो? म्हणून जुना डबा बाहेर आला की त्याच्यामागे घमेलीच्या घमेली काजळी निघते. कुणाला हे किळसवाणं वाटेल, मला मात्र तो भाग वाचण्यासारखा वाटतो. काजळी कुठे किती साचली, चकचकीत आहे की कोरडी, पाणी मुरल्याचे ओघळ आहेत का, यावरून आधीच्या मालकाने ओली लाकडं जाळली की सुकी, एवढंसुद्धा कळतं.

आता प्रत्यक्ष काढणं. आग विझून निदान दोन दिवस झालेले हवेत, कारण राखेखाली निखारा बराच काळ जिवंत राहतो. पंख्याची वायर काढा. गॅसवर चालणारा इन्सर्ट असेल तर इथेच थांबा. ती लाइन बंद करून टोपण लावणं परवानाधारक माणसाचंच काम. लाकडाचा असेल तर खाली जाड ताडपत्री आणि प्लायवुड अंथरा, नाकातोंडावर चांगला मास्क बांधा.

मग एक गोष्ट, जिच्याकडे उत्साही मंडळी हमखास काणाडोळा करतात. १९७०-८०च्या दशकातल्या डब्यांच्या दाराच्या कडेची फट बुजवणारी दोरी, मागचा पांढुरका पुठ्ठा किंवा सांध्यांत भरलेलं सिमेंट यांत फुप्फुसांना घातक अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. डोळ्यांनी ओळखता येत नाही. संशय आला तर खरवडू नका, घरचा व्हॅक्यूम क्लीनर तर अजिबात लावू नका. नमुना तपासून घ्या. आपण अ‍ॅस्बेस्टॉस-सिमेंटच्या पत्र्यांखाली वाढलो म्हणून ही भीती थट्टेवारी नेण्याची सवय असते. कोरडी धूळ उडवणं त्या पत्र्याखाली बसण्यापेक्षा कितीतरी वाईट.

भोवतीची पत्र्याची चौकट सहसा चार-सहा स्क्रूंवर असते, ती आधी काढायची. मागे काचलोकर कोंबलेली असेल ती पिशवीत भरायची. नंतर डब्यातल्या भट्टीच्या विटा, म्हणजे फायरब्रिक, एकेक करून उचलायच्या आणि कुठली कुठे होती याचा फोटो काढून ठेवायचा. वरची आडवी पाटी, बॅफल, तीही काढायची. या सगळ्याने वजन पंचवीस-तीस किलोंनी उतरतं, आणि दोनशे किलोंच्या आसपासच्या डब्याच्या बाबतीत तेवढं उतरलं तरी कंबर दुवा देते.

बॅफल निघाल्यावर डोकं आत घालून वर बघितलं की धुराचं भोक दिसतं. लायनर असेल तर त्या भोकाच्या गळपट्टीला तो स्क्रूंनी पक्का केलेला असतो. भाचीच्या नवऱ्याने मोबाइल टॉर्चसकट आत धरला तेव्हा मला पडद्यावर आधी नुसता गंज दिसत होता. ब्रश मारल्यावर तीन डोकी उघडी पडली. दोघांच्या खाचा शाबूत होत्या, तिसऱ्याची पार झिजलेली. "जरा हिसका देऊन बघू का?" तो म्हणाला. अजिबात नाही. लायनर तीस फुटांवर टोकाशी अडकवलेला असतो. खाली हिसका दिला की पातळ स्टील मध्येच फाटतं, नाहीतर वरची झाकणपट्टी निखळते आणि पावसाचं पाणी चिमणीत शिरायला लागतं. गंजाचं तेल मारून रात्रभर ठेवा, दोन स्क्रू पेचकसाने काढा, तिसऱ्याचं डोकं ड्रिलने उडवा. त्यांनी तसंच केलं.

डबा सुटा झाला की ओढायच्या आधी त्याच्या मागच्या कोपऱ्यांतले पातळी साधायचे बोल्ट बघा. ते खाली उतरवलेले असतील तर डबा सरकताना समोरच्या फरशीवर दोन समांतर ओरखडे उठतात. बोल्ट वर घ्या, पहारेने पुढची कड जरा उचला, खाली लोखंडी नळ्यांचे तुकडे सारा आणि त्यांवरून डबा सावकाश प्लायवुडवर आणा. वाकडा करून उचलायच्या फंदात पडू नका. दार आणि पुढची बाजू जड असल्याने तो तोंडावर येतो. भट्टीचं सामान हलवताना आमचे हमाल नेहमी म्हणायचे, घाई लोखंडाला नसते, आपल्यालाच असते.

इथपर्यंत आलात की समोर रिकामा, काळा कोनाडा असतो आणि हात आगपेटीकडे जातो. पण इन्सर्ट बसवणाऱ्याने मागे काय काय कापलं, हे अजून तुम्हाला ठाऊक नाही. पाइपला जागा करण्यासाठी डँपरची पाटी काढून टाकलेली असते, किंवा तारेने कायमची उघडी बांधलेली असते. कधी डँपरची चौकट ग्राइंडरने कापलेली, तर कधी गळ्यावरच्या विटाही फोडलेल्या. टॉर्च घेऊन वर बघा, हे सगळं दिसतं. न दिसणारं म्हणजे फ्लूमधले तडे. त्यासाठी कॅमेरा वर सोडावा लागतो. तिथल्या राष्ट्रीय अग्निसुरक्षा संघटनेचं एनएफपीए २११ हे मानक म्हणतं, की चिमणी दरवर्षी तपासावी, आणि उपकरण बदललं किंवा घर विकलं गेलं तर दुसऱ्या पातळीची, म्हणजे फ्लूच्या आतून बघण्याची तपासणी करावी. इन्सर्ट काढणं यात सरळ बसतं. तपासणीचे पैसे वाचवू नका, बाकी कुठेही वाचवा.

लायनर तसाच लटकत ठेवून उघडी आग पेटवली तर काय होईल? गणित सोपं आहे. उघड्या फायरप्लेसला फ्लूचं आडवं क्षेत्रफळ कोनाड्याच्या तोंडाच्या साधारण दहाव्या ते बाराव्या हिश्शाएवढं लागतं. भाचीच्या कोनाड्याचं तोंड ३६ इंच रुंद आणि ३० इंच उंच, म्हणजे १०८० चौरस इंच. त्याला ९० ते १०८ चौरस इंचांची वाट हवी. सहा इंची गोल लायनरचं क्षेत्रफळ भरतं जेमतेम २८. बंद दाराच्या डब्याला ते भरपूर होतं, कारण तिथे हवाच मोजकी जात होती. उघड्या आगीचा धूर त्यात मावणार नाही, तो हॉलमध्ये येईल. म्हणजे लायनर वरून खेचून काढायला हवा, आणि त्यामागची मूळ मातीची नळी शाबूत निघायला हवी. ती आतून साडेदहा इंच चौरस असली तर ११० चौरस इंच होतात, हिशोब जुळतो. मात्र लायनरभोवती हलकं काँक्रीट ओतलेलं असेल तर तो निघत नाही, आणि उघड्या आगीचा विषय तिथेच संपतो.

समोरची फरशीही मोजून बघा. ठिणग्या आतापर्यंत दाराआड होत्या, आता त्या बाहेर उडतील. तिथल्या निवासी बांधकाम नियमांनुसार सहा चौरस फुटांहून लहान तोंडासमोर न जळणारी फरशी १६ इंच पुढे आणि दोन्ही बाजूंना ८ इंच हवी. तोंड त्याहून मोठं असेल तर २० आणि १२. भाचीचं साडेसात चौरस फूट भरतं, म्हणजे तिला मोठं माप लागू. तोंडाच्या सहा इंचांच्या आत लाकडी पट्टी, नक्षी काहीही नको. इन्सर्ट असताना कुणीतरी हौसेने लावलेली असते.

एक पक्ष्यांचं सांगायचं राहिलं. अमेरिकेत चिमणीत घरटी करणाऱ्या पाकोळ्या असतात, आपल्याकडे पुलांखाली आणि जुन्या वाड्यांच्या वळचणीला दिसतात त्यांच्या चुलत बहिणी. १९१८च्या स्थलांतरित पक्ष्यांच्या कायद्याने त्यांना संरक्षण आहे. अंडी-पिल्लं असताना घरटं काढता येत नाही. उन्हाळ्यात चिमणीतून फडफड ऐकू आली तर काम पुढे ढकला. तसंही फायरप्लेसची घाई उन्हाळ्यात कुणाला असते?

हे सगळं ऐकल्यावर भाचीने विचारलं, "मग तू काय केलं असतंस?" मी जुना डबा भंगारात दिला असता आणि त्याच जागी पूर्ण लायनरसह नवा इन्सर्ट बसवला असता. अमेरिकेत लाकडी शेगड्यांच्या धुरावर १९८८पासून बंधनं आली, आणि २०२०पासून नव्या शेगडीला तासाला दोन-अडीच ग्रॅमच्या आतच धूळकण सोडायची मुभा आहे. जुने डबे त्याच्या कितीतरी पट सोडतात. उघडी आग दिसायला सुरेख, हे मान्य. पण उणे दहाच्या रात्री घर गार करणारी आग पेटवायची, ही चैन मला कोकणस्थी हिशोबात बसवता येत नाही. तिने अजून ठरवलेलं नाही. घरी कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म मात्र लावला.

पुण्यात कुणाला याचा उपयोग? थोड्यांना आहे. कॅम्प-खडकीकडच्या इंग्रजी अमदानीतल्या बंगल्यांत फायरप्लेस सापडतात, महाबळेश्वर-पाचगणीला तर बऱ्याच. पुण्यात १९३५च्या जानेवारीत पारा १.७ अंशांवर उतरला होता, म्हणजे बांधणाऱ्यांना अगदीच वेड लागलं नव्हतं. अशा कोनाड्यांत कधी बिडाची जाळी किंवा चौकट चुन्यात बसवलेली असते. ती काढताना ब्रेकर लावू नका. बीड ठोक्याने तडकतं आणि चुन्याचे सांधे भिंतभर हलतात. छिन्नीने कडेचा चुना हळूहळू मोकळा करा. दुरुस्तीही चुन्यातच करा. सिमेंट जुन्या विटेपेक्षा कठीण पडतं, ओल अडवून ठेवतं आणि वीट भुसभुशीत होते. आग खरोखर पेटवायची असेल तर आतलं अस्तर फायरब्रिकचं आणि सांधे उष्णता सोसणाऱ्या मसाल्याचे हवेत. चिमणी साफ करणारा पुण्यात शोधून सापडणार नाही, पण बेकरीच्या भट्ट्या बांधणारे मिस्त्री आहेत आणि त्यांना हे काम कळतं.

पेटवायची नसेल तर चिमणीचं टोक स्लॅब टाकून गच्च बुजवू नका. आपल्या पावसाळ्यात विटकामात मुरलेलं पाणी मग कुठूनच सुकत नाही, आणि हॉलच्या भिंतीवर काजळीचे पिवळट डाग उमटतात. वर बाजूंनी जाळी असलेली टोपी बसवा, खाली कोनाडा झाकणाऱ्या फळीत वीतभर जाळी ठेवा, म्हणजे हवा खेळती राहील.